गाठीच्या काठावर थांबलेल्या पेशी

कर्करोगाच्या गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन, त्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की आधी लक्ष वेधून घेतात त्या वेड्यावाकड्या आकाराच्या, मोठ्या केंद्रकांच्या कर्कपेशी. नजर सरावली की त्यांच्या अवतीभवतीची गर्दी दिसू लागते. गुलाबी तंतूंचे पट्टे, वाकड्यातिकड्या केशवाहिन्या आणि गडद जांभळ्या ठिपक्यांसारख्या गोल लसीकापेशी. या लसीकापेशी म्हणजे शरीराचे रक्षक. पुष्कळ गाठींमध्ये त्या काठाशी दाटीवाटीने जमलेल्या असतात आणि आत मात्र एखाददुसरीच सापडते. रुडॉल्फ विर्खो यांनी १८६३ मध्येच गाठींमधील पांढऱ्या पेशींची नोंद केली होती. त्या तिथे येऊनही गाठ का वाढत राहते, याचा उलगडा होण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

उत्तराचा एक धागा १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने दिला होता. स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले, की हा रोग कोठेही सारखाच पसरत नाही. काही अवयव त्याला विशेष मानवतात. बी कितीही जोमदार असले तरी ते रुजते योग्य मातीतच, असे त्यांचे म्हणणे होते. आज आपल्याला त्यापुढची गोष्ट ठाऊक आहे. गाठ अनुकूल मातीची वाट पाहत बसत नाही, ती आपली माती स्वतः तयार करते आणि त्यासाठी लागणारी सगळी साधने शरीराच्याच कोठारातून उचलते. मला या विषयातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते.

कर्कपेशी ओळखून तिच्याकडे निघालेल्या एका टी-पेशीचा, म्हणजे रोगट पेशी मारणाऱ्या एका प्रकारच्या लसीकापेशीचा, मार्ग पाहू. पहिला अडथळा रक्तवाहिनीच्या भिंतीचा. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढली की आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. मग त्या व्हीईजीएफ नावाचे प्रथिन स्रवून नव्या वाहिन्या मागवतात. घाईने उगवलेल्या या वाहिन्या गळक्या आणि नागमोडी असतात. सुजलेल्या ऊतीत वाहिनीच्या आतल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उगवतात आणि वाहत जाणारी टी-पेशी त्यांना धरून बाहेर उतरते. तेच व्हीईजीएफ हे रेणू कमी करते. त्यामुळे अनेक टी-पेशी गाठीच्या दारावरून तशाच पुढे वाहून जातात.

उतरलेल्या पेशीपुढे तंतूंचे जाळे असते. जखम भरताना कोलॅजन विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना गाठ टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाच्या साहाय्याने कायमची कामाला जुंपते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर गाठीचा बराच मोठा भाग कर्कपेशींचा नसून या तंतुमय ऊतीचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली लसीकापेशी काठाशी अडलेल्या दिसतात, त्याला हे जाळेही कारणीभूत आहे.

जाळे ओलांडूनही सुटका नसते, कारण आतली हवाच वेगळी आहे. ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले, की प्राणवायू उपलब्ध असतानाही कर्कपेशी भरमसाट ग्लुकोज घेऊन त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो. गाठीच्या आत तो ६.५ पर्यंत उतरू शकतो. चेतवलेल्या टी-पेशीलाही लढण्यासाठी ग्लुकोजच लागते, आणि तेच संपलेले असते. शिवाय तीही लॅक्टिक आम्ल तयार करते आणि ते बाहेर टाकणे तिला भाग असते. बाहेरच या आम्लाचा साठा झालेला असेल, तर आतले आम्ल आतच तुंबते आणि पेशी मंदावते.

मरणाऱ्या पेशींतून सांडणारे एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, हा शरीराचा धोक्याचा इशारा आहे. गाठीतील दोन विकरे, सीडी३९ आणि सीडी७३, त्याचे तुकडे करून अॅडिनोसिन बनवतात, आणि अॅडिनोसिनचा निरोप नेमका उलटा असतो: शांत राहा. आयडीओ नावाचे आणखी एक विकर ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल खाऊन टाकते, ज्यावाचून टी-पेशींची संख्या वाढू शकत नाही. हेच विकर वारेमध्येही असते. ते बंद पाडले तर आईच्या टी-पेशी गर्भावर हल्ला करतात, असे उंदरांवरील प्रयोगात १९९८ मध्ये आढळले. जिवाला जन्मापर्यंत जपणारी युक्ती गाठ जशीच्या तशी वापरते.

पेशींचेही तसेच. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी जखमेत आधी जंतू मारतात आणि मग डागडुजीला लागतात. गाठ त्यांना त्या दुसऱ्या भूमिकेतच अडकवून ठेवते. १९८६ मध्ये हॅरोल्ड ड्वोराक यांनी गाठींना न भरणाऱ्या जखमा म्हटले, ते किती समर्पक होते! नियामक टी-पेशींचे काम आपल्याच अवयवांवर होणारा हल्ला थोपवण्याचे. त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल मिळाले. गाठ या पेशींना रासायनिक संदेश देऊन मोठ्या संख्येने जवळ बोलावते.

एवढ्यातूनही एखादी टी-पेशी कर्कपेशीला भिडली, तर ती इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्रवते, आणि त्याला प्रतिसाद म्हणून कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन उभे करते. ते टी-पेशीवरील पीडी-१ ला जुळले की हल्ला थांबतो. म्हणजे बचावाला तोंड फोडतो तो हल्लाच. पीडी-१ चा शोध तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये लागला, तर सीटीएलए-४ हा दुसरा ब्रेक सोडवला की उंदरांतील गाठी विरतात, हे जेम्स अॅलिसन यांनी दाखवले. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. २०११ पासून उपलब्ध झालेल्या, असे ब्रेक सोडवणाऱ्या औषधांमुळे पसरलेल्या मेलॅनोमाचे (त्वचेच्या एका कर्करोगाचे) काही रुग्ण अनेक वर्षे जगले, जे त्याआधी जवळजवळ अशक्य होते.

पण बहुसंख्य रुग्णांमध्ये ही औषधे पुरेशी ठरत नाहीत, आणि वरचा प्रवास पाहिल्यावर त्याचे नवल वाटू नये. ब्रेक सोडला तरी जी पेशी आत पोचलीच नाही, तिचा उपयोग काय? आयडीओ रोखणारे औषध पीडी-१ रोधकाच्या जोडीने देऊन मेलॅनोमाच्या रुग्णांवर केलेली मोठी चाचणी २०१८ मध्ये अयशस्वी ठरली. तंतूंच्या जाळ्याची कथा तर अधिकच सावध करणारी आहे. २०१४ मध्ये उंदरांतील स्वादुपिंडाच्या गाठींमधून हे जाळे विणणाऱ्या पेशी काढून टाकल्या, तेव्हा गाठी अधिक आक्रमक झाल्या आणि उंदीर लवकर मेले. ज्या जाळ्याने टी-पेशींना बाहेर अडवले होते, त्यानेच गाठीलाही काही अंशी आवरून धरले होते. म्हणून आता फायब्रोब्लास्ट नष्ट करण्याऐवजी त्यांना जखमेपूर्वीच्या शांत अवस्थेत परत नेण्याचा मार्ग शोधला जात आहे, आणि जीवनसत्त्व 'अ'पासून तयार होणाऱ्या एका रेणूचा त्यासाठी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये, केमोथेरपीच्या जोडीने, वापर करून पाहिला जात आहे.