बालसंगोपन योजनेचा अर्ज: मूल पात्र कधी, कागद कोणते आणि फाईल अडते कुठे

बालसंगोपन योजना फक्त अनाथ मुलांसाठी आहे, हा समज इतका घट्ट बसला आहे की कितीतरी विधवा आणि परित्यक्ता आया अर्जाच्या वाटेलाच जात नाहीत. बाप वारला आणि आई कमावती असली तरी मूल अर्ज करू शकतं. आई-बाप दोघंही हयात असले, पण एक तुरुंगात आणि दुसरा अंथरुणाला खिळलेला असेल, तरीही करू शकतं. ‘आई आहे ना, मग नाही मिळणार’ असं कोणी तोंडी सांगितलं, तर ते ऐकून परत फिरू नका.

योजनेचं आजचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. राज्याच्या महिला व बाल विकास विभागाची ही योजना असून तिचं आयुक्तालय पुण्यात आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने प्रत्येक मुलामागे महिन्याचं अनुदान १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झालं. वय शून्य ते १८. मुलाला बालगृहात टाकण्यापेक्षा आजी, मामा, काका किंवा एकट्या आईकडेच राहू द्यावं आणि त्या घराला हातभार लावावा, हा त्यामागचा विचार. कार्यालयात हिला ‘संस्थाबाह्य’ योजना म्हणतात. त्यामुळे बालगृहात राहणाऱ्या मुलाला ती लागू होत नाही. त्याचा खर्च संस्थेच्या अनुदानातून चालतो.

कोणतं मूल बसतं?

आई-वडील दोघंही नसलेलं किंवा दोघांपैकी एक वारलेलं मूल, घटस्फोटित किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईचं मूल, पालक तुरुंगात असलेलं मूल, पालकांना कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग किंवा तीव्र मानसिक आजार असलेलं मूल, ही नेहमीची प्रकरणं. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेली मुलं एक पालक गमावलेली म्हणून यातच येतात. कुटुंबावर ओढवलेलं संकट आणि त्यामुळे मुलाच्या सांभाळात पडलेली तूट, या दोन गोष्टी कागदावर आणि प्रत्यक्ष घरात दिसल्या पाहिजेत.

इथे एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षणाच्या योजनेत प्रायोजकत्व नावाची वेगळी मदत आहे. ती दरमहा ४,००० रुपयांची, पण तिला उत्पन्नाची कडक मर्यादा आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपये. त्यात कोविडच्या काळात विधवा झालेल्या महिलांसाठी राज्याने जी मोहीम काढली, तिचंही नाव मिशन वात्सल्यच. त्यामुळे ‘वात्सल्यचा फॉर्म भरला’ असं कोणी म्हणालं तर कोणत्या वात्सल्यचा, हे विचारावंच लागतं. एकाच मुलाला बालसंगोपन आणि प्रायोजकत्व दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर आधी प्रायोजकत्वाबद्दल विचारा. रकमेत जवळजवळ दुपटीचा फरक आहे आणि बऱ्याच कार्यालयांत तो आपणहून कोणी सांगत नाही.

अर्ज द्यायचा कुठे?

महिला व बाल विकास या नावाची दोन दारं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. एक जिल्हा परिषदेत, जिथून अंगणवाड्यांचं काम चालतं. दुसरं जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय आणि त्याला जोडलेला जिल्हा बाल संरक्षण कक्ष. आपल्याला जायचंय ते दुसऱ्या दारात. पहिल्या दारात अर्ज देऊन पोच घेतलेली माणसं पुढे काही हलत नाही म्हणून वाट पाहत बसतात.

तालुक्याहून जिल्ह्याला जाणं परवडत नसेल तर अंगणवाडी सेविकेला गाठा. ग्राम बाल संरक्षण समितीची ती सचिव असते आणि सरपंच अध्यक्ष. अशा मुलांची नावं कक्षाला कळवणं हे या समितीचं कामच आहे. काही जिल्ह्यांत ही प्रकरणं स्वयंसेवी संस्थांमार्फतही चालवली जातात. त्यासाठी संस्थेला शासनाकडून वेगळं अनुदान मिळतं, म्हणून ‘फॉर्मचे’, ‘फाईलचे’ किंवा ‘साहेबांचे’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. या अर्जाला शुल्क नाही.

कागदपत्रं

मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, मुलाचा जन्म दाखला, शाळेचं चालू वर्षाचं बोनाफाईड, शिधापत्रिका, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि घरासमोर मुलासोबत पालक उभे आहेत असा एक मोठा फोटो. मागची भिंत नव्हे तर घराचं दार दिसलं पाहिजे. वेळ जातो तो यात नाही, संकट सिद्ध करणाऱ्या कागदात जातो.

मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला. तो राहत्या गावातून मिळत नाही, जिथे मृत्यू झाला तिथून मिळतो. गाव बीड जिल्ह्यात आणि माणूस पुण्याच्या रुग्णालयात गेला, तर दाखला पुण्याहून आणायचा. नोंद करायची राहूनच गेली आणि वर्ष उलटलं, तर आता जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. हे काम आधी हाती घ्या, कारण बाकी सगळे कागद आठवड्यात जमतील पण हा एक महिनोन्‌महिने खाईल.

नवरा टाकून गेला असेल आणि घटस्फोट झालेला नसेल, हे सर्वात अवघड प्रकरण. कोर्टाचा कागद नसतोच. पोटगीचा दावा किंवा पोलिसांत दिलेली तक्रार असेल तर तिची प्रत लावा. नसेल तर पोलीस पाटील, सरपंच किंवा नगरसेवकाचा दाखला आणि आपलं स्वयंघोषणापत्र जोडा. पुढे घरी चौकशीला येणारा कर्मचारी शेजाऱ्यांना विचारेल आणि शेवटी बाल कल्याण समिती ठरवेल. फक्त घटस्फोट नाही या कारणावरून काउंटरवरच अर्ज नाकारणं बरोबर नाही, अर्ज घ्यायला लावा. स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प पेपर मागितला तर कोणत्या निर्णयाने, हे शांतपणे विचारा.

पालक तुरुंगात असेल तर कारागृहाचं प्रमाणपत्र, आजारी असेल तर सरकारी रुग्णालयाचं. एचआयव्हीच्या बाबतीत एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, पुस्तकाची प्रत लागते. ती बंद पाकिटात, थेट बाल संरक्षण अधिकाऱ्याच्या हातात द्या. सरपंचाच्या किंवा शाळेच्या मार्फत हा कागद फिरवायची गरज नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे.

आणि नावं जुळवा. मृत्यू दाखल्यावर ‘ज्ञानदेव’, आधारवर ‘ज्ञानोबा’, शाळेच्या दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’, अशी एका माणसाची तीन नावं असलेली फाईल मी हमखास पाहतो. आईचं आधार माहेरच्या नावाचं आणि शिधापत्रिका सासरची, हे तर घरोघरी. सगळं बदलत बसायची गरज नसते. ही एकच व्यक्ती असल्याचं स्वयंघोषणापत्र आणि त्याला जोड देणारा एखादा कागद लावला की बहुतेक वेळा भागतं. पण मुलाच्या आधारवरचं नाव आणि जन्मतारीख शाळेशी जुळलीच पाहिजे. ती आधार केंद्रात जाऊन आधी दुरुस्त करून घ्या.

घरची चौकशी आणि समिती

अर्ज दिला की सामाजिक तपासणी होते. कार्यालयात तिला गृहचौकशी म्हणतात. कर्मचारी घरी येतो तेव्हा घर झाडून-पुसून, नवी चादर घालून, चहा-पोह्यांची तयारी करून बसण्याची आपल्याकडे रीत आहे. तसं करायचं कारण नाही. त्याला जे लिहायचं असतं ते असं: मूल कोणाकडे झोपतं, शाळेत कोण सोडतं, घरात कमावतं कोण, आजीला ऐकू-दिसू येतं का, मुलाला या घरात राहायचंय का. शेवटचा प्रश्न तो मुलालाच विचारतो आणि विचारलाच पाहिजे. मामी शेजारी उभी राहून ‘सांग की, आवडतं म्हणून’ असं म्हणू लागली तर अहवालात तेही उतरतं.

अहवालानंतर प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं. बाल न्याय कायदा, २०१५ खाली जिल्ह्यात नेमलेली ही समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. पण कोर्टाचा धाक मनात धरून जाऊ नका. बसायला खुर्ची असते आणि वकील लागत नाही. मुलाला सोबत न्यावं लागतं, म्हणून शाळा बुडणार नाही अशी तारीख मागून घ्या. समितीचा लेखी आदेश हाच या सगळ्याचा कणा. आदेश नाही तर पैसे नाहीत, बाकी फाईल कितीही जाड असो. आदेशाची प्रत मागा आणि जपून ठेवा. त्याच प्रतीवर पुढच्या वर्षीचं नूतनीकरण होतं.

हा आदेश मुलाच्या सांभाळापुरता आहे. वारलेल्या बापाची जमीन, विम्याची रक्कम किंवा बँकेतली ठेव यांवर काका-मामांना त्याने कोणताही हक्क मिळत नाही. मालमत्तेसाठी पालक नेमायचा असेल तर तो जिल्हा न्यायालयाचा वेगळा मार्ग. हे आधीच स्पष्ट केलं की नातेवाइकांत पुढची भांडणं टळतात.

पैसे थेट खात्यात येतात. खातं ‘आधारला लिंक आहे’ असं बँकेने सांगितलं तरी ते पुरेसं नसतं. अनुदान घेण्यासाठी ते एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे, जोडलेलं आहे का, हे विचारा. ही जोडणी एका वेळी एकाच खात्याची असते. मुलाच्या नावाने शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं आणि जोडणी तिकडे गेली की अनुदानही तिकडे जातं. मग घरचे म्हणतात पैसे आलेच नाहीत, आणि कार्यालय म्हणतं आम्ही पाठवले.

ज्यांच्याकडे कागदच नाहीत

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातलं, वीटभट्टीवरचं, किंवा दुसऱ्या राज्यातून, कधी दुसऱ्या देशातून आलेलं मूल. इथे योजनेचा फॉर्म बाजूला ठेवून आधी कायद्याकडे जायचं. बाल न्याय कायद्यात बालक म्हणजे १८ पूर्ण न झालेली व्यक्ती. त्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांत सशस्त्र संघर्ष, नागरी अशांतता आणि नैसर्गिक आपत्तीची झळ बसलेली मुलं स्पष्ट शब्दांत धरलेली आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, हे खरं. पण संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

म्हणून असं एकटं मूल आढळलं तर १०९८ ला फोन करा. तो चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. मुलाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. कोणीही सजग नागरिक, परिचारिका, डॉक्टर किंवा संस्थेचा कार्यकर्ता ते करू शकतो. वयाचा कागद नसेल तर शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसल्यास पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम कायद्यानेच लावून दिला आहे. परदेशी निर्वासित मुलाच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या दिल्ली कार्यालयाला कळवायला समितीला सांगा. नोंदणी त्यांच्याकडे होते, रोजचा सांभाळ मात्र समितीच्या आदेशानेच. शाळेचा प्रश्न त्यामानाने सोपा: शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून ६ ते १४ वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.

परक्या देशातली मुलं महाराष्ट्राला नवीन नाहीत. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आजही आहे. तरीसुद्धा असं मूल समोर आलं की पहिला प्रश्न ‘आधार आहे का?’ हाच येतो. आधार नसणं हे मुलाला समितीपुढे न नेण्याचं कारण होऊ शकत नाही. समितीपुढे गेल्यावर कागद तयार करणं ही मग कक्षाची जबाबदारी होते.

फोटो मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करणं याच कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

अर्ज रखडला तर

पोच घेतलेली तारीख आणि आवक क्रमांक घेऊन आधी जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला लेखी विचारा. फाईल गृहचौकशीत आहे, समितीपुढे आहे की निधीच्या रांगेत, हे एका वाक्यात लिहून मागा. आदेश झालाय पण पैसे नाहीत, असं असेल तर तक्रार समितीकडे नेऊन उपयोग नाही. ती आयुक्तालयाकडे किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर करा. समितीच्याच कामकाजाबद्दल, म्हणजे बैठक होत नाही, तारखा पडत राहतात अशा गोष्टींबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. तो अधिकार त्यांना कायद्यानेच दिला आहे. प्रायोजकत्वाबद्दलच्या निर्णयावरचं अपीलही ३० दिवसांत त्यांच्याकडेच.

आई-वडील दोघंही नसलेल्या मुलासाठी याच कार्यालयात अनाथ प्रमाणपत्राचा अर्जही देऊन ठेवा. शिक्षणात आणि राज्य सरकारच्या नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. त्यासाठी लागणारे बरेचसे कागद याच फाईलमध्ये जमलेले असतात, आणि अठराव्या वर्षानंतर तेच कागद पुन्हा गोळा करायला घरात कोणी मोठं माणूस उरलेलं असेलच असं नाही.