दृष्टिबाधित मुलांसाठीची सरकारी साधनं: अर्ज नेमका कुठे अडकतो

जून उजाडला की शाळेच्या व्हरांड्यात कोणाची तरी आई उभी असते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली कागदपत्रं असतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "सर, शेजारच्या गावातल्या मुलाला मोबाईल मिळाला, आमच्या पोराला का नाही?" मी तालुक्यातल्या शाळांमधून फिरणारा विशेष शिक्षक आहे. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्या पिशवीतच सापडतं. एखादा कागद नसतो, एखाद्याची मुदत संपलेली असते, नाहीतर एखादा चुकीच्या दिवशी काढलेला असतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

योजनेची माहिती थोडक्यात. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. बरीचशी साधनं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडून येतात. अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना पांढरी काठी, अडथळा जवळ आला की थरथरणारी स्मार्ट केन, ब्रेल किट, बोलकी पुस्तकं ऐकवणारा डेझी प्लेअर, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्मार्टफोन अशा वस्तू मिळू शकतात. कोणाला काय द्यायचं ते वय, इयत्ता आणि दृष्टी पाहून शिबिरात ठरतं. अटी तीन: किमान ४० टक्के दिव्यांगत्व, उत्पन्नाची मर्यादा आणि मागच्या तीन वर्षांत त्याच कारणासाठी मदत घेतलेली नसणं. वाचायला सोपं आहे, पण या तिन्ही ठिकाणी लोक अडखळतात.

टक्केवारी: सगळ्यात जास्त गैरसमज इथे

टक्केवारी ठरते ती चांगल्या डोळ्यावरून, आणि तीही योग्य नंबरचा चष्मा लावून. "चष्मा काढला तर याला काहीच दिसत नाही हो" असं पालक कळवळून सांगतात आणि ते खरंही असतं. पण जाड चष्म्याने मुलगा तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचत असेल, तर तो कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी सुरू होते ती चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासकट ६/१८ च्या खाली गेल्यावर (६/१८ म्हणजे निकोप नजरेला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं). ती ३/६० पेक्षाही कमी असेल तर अंधत्व. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा उत्तम असेल तर ३० टक्के मिळतात, म्हणजे एडिपसाठी अपात्र. अशा घरातल्या माणसांना मी हे पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. मजुरी बुडवून जिल्ह्याला चार खेपा घातल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

उलट ज्यांचा हक्क आहे अशी काही मुलं हकनाक परत पाठवली जातात. रातांधळेपणा असलेलं, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसाचं मूल दिवसाउजेडी तक्ता बऱ्यापैकी वाचतं, पण बाजूचं त्याला काही दिसत नाही. नळीतून पाहावं तशी त्याची नजर असते. वर्गात बाकांना अडखळतं, संध्याकाळी घराबाहेर पडत नाही. कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम आहे. दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व, मग तक्त्यावरची दृष्टी कितीही असो. माझ्या एका विद्यार्थ्याला मात्र एका रुग्णालयात "वाचतोय की व्यवस्थित" एवढं म्हणून बाहेर काढलं होतं. पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, कोणी केलीच नव्हती. त्याचं एक पूर्ण वर्ष त्यात गेलं आणि त्याचा राग मला अजून येतो. तुमच्या मुलाला असा त्रास असेल तर पेरिमेट्रीचा अहवाल आधी काढून घ्या, प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळासमोर तो सर्वांत वर ठेवा आणि "क्षेत्र तपासा" असं स्पष्ट शब्दांत सांगा.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, या दोन्हींचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पुढे रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक ठिकाणी मंडळ ठरावीक वारीच बसतं, आणि त्यातही नेत्रतज्ज्ञ हजर असतील तो दिवस गाठावा लागतो. फोन करून खात्री केल्याशिवाय गाडीत बसू नका.

१ जून २०२१ पासून दिव्यांगत्व प्रमाणपत्र फक्त ऑनलाइन पद्धतीनेच दिलं जातं. त्याआधीचं हाताने लिहिलेलं, गोल शिक्क्याचं प्रमाणपत्र अनेकांनी देव्हाऱ्यात ठेवावं तसं जपून ठेवलं आहे. ते फेकू नका, पण त्याच्या भरवशावरही राहू नका. त्याच पोर्टलवरून यूडीआयडीसाठी अर्ज करा. कार्डाच्या रंगावरूनही बोध घ्या. पांढरं कार्ड ४० टक्क्यांपेक्षा कमी, पिवळं ४० ते ८० च्या आतलं आणि निळं ८० किंवा त्याहून जास्त टक्क्यांचं. पांढरं कार्ड घेऊन एडिपच्या रांगेत उभं राहिलेलं घर पाहिलं की वाईट वाटतं, कारण कार्ड देताना कोणी दोन वाक्यं बोललेलं नसतं.

आणखी दोन खाचा आहेत. अर्ज भरल्यावर मिळतो तो नोंदणी क्रमांक, ते कार्ड नव्हे. दुसरं म्हणजे लहान मुलांना, विशेषतः डोळ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्यांना, पुष्कळदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर मुदतीची तारीख असते आणि ती कोणी वाचत नाही. आज घरी जाऊन वाचा. तारीख जवळ आली असेल तर फेरतपासणीला आत्ताच जा, कारण नियमांनी प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांपर्यंतचा अवधी मान्य केला आहे.

आधारचंही सांगतो, कारण हा कागद "सगळ्यांकडे असतोच" असं गृहीत धरतात. ज्या मुलाची बुबुळं यंत्राला टिपता येत नाहीत त्याला काही केंद्रचालक सरळ परत पाठवतात. हे चूक आहे. आधारच्या नियमांतच बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे आणि बोटांचे ठसे असतील तर बुबुळांशिवाय नोंदणी होते. एका केंद्राने नकार दिला तर दुसऱ्या केंद्रावर जा, पण "आधार निघत नाही" म्हणून घरी बसू नका. आधारवरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळते का, तेही याच वेळी पाहून घ्या.

उत्पन्नाचा दाखला

२०२२ मध्ये मर्यादा वाढली. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत. २२,५०१ ते ३०,००० असेल तर अर्धी मदत. विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकांचं उत्पन्न धरतात. गोंधळ होतो तो असा की योजना महिन्यात बोलते आणि तहसीलचा दाखला वर्षात. म्हणजे दाखल्यावर २,७०,००० पर्यंतचा आकडा पूर्ण मदतीत आणि ३,६०,००० पर्यंतचा अर्ध्या मदतीत बसतो. "अडीच लाखांच्या वर गेलो, आता काही नाही" म्हणून बसून राहिलेले पालक मला भेटले आहेत. ती अडीच लाखांची मर्यादा शिष्यवृत्तीची आहे, साधनांची नव्हे. आणि दाखल्याची मुदत बघा. बहुतेक दाखले ३१ मार्चला संपतात आणि शिबिर नेमकं त्यानंतर लागतं.

शिबिर दोन असतात, एक नव्हे

पहिलं मोजमाप किंवा तपासणी शिबिर, दुसरं वाटपाचं. मध्ये कित्येक महिने जातात. मोजमापात ज्यांची नावं नोंदली गेली, त्यांनाच वाटपात साधन मिळतं. वाटपाची बातमी पेपरात येते, पाहुणे येतात, मंडप असतो, आणि ती वाचून लोक मुलाला घेऊन तालुक्याला येतात. त्या दिवशी त्यांच्यासाठी कोणीच काही करू शकत नाही. मोजमापाचा दिवस मात्र गुपचूप येतो. पंचायत समितीचं गट साधन केंद्र आणि तिथले समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ यांना दर महिन्याला विचारत राहा.

सर्वसाधारण शाळेतल्या मुलांसाठी समग्र शिक्षा ही सरकारची शालेय शिक्षणाची योजना आणि अलिम्को मिळून शिबिरं घेतात. खर्चाचा ६० टक्के वाटा एडिपचा, ४० टक्के समग्र शिक्षेचा. तिथे मुलांची यादी शाळेने भरलेल्या माहितीवरून बनते. यू-डायसच्या, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी नोंदणीच्या, फॉर्ममध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी रकाना आहे. घाईत तिथे "नाही" भरलं गेलं, तर कार्ड हातात असूनही मूल यादीत दिसत नाही. मुख्याध्यापकांना विनंती करा आणि तो रकाना डोळ्यांसमोर उघडून घ्या. यात कोणाचा अपमान नाही.

तीन वर्षांच्या अटीत सरकारी मदतीबरोबर स्थानिक संस्था आणि स्वयंसेवी संस्थांची मदतही धरली जाते, पण "त्याच कारणासाठी" हे शब्द महत्त्वाचे आहेत. बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एकाच वर्षाची आहे, कारण मुलं वाढतात. हे शिबिरातल्या माणसालाही कधी कधी आठवून द्यावं लागतं.

हेच प्रमाणपत्र दहावी-बारावीला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळवायला लागतं. तो अर्ज परीक्षेच्या आवेदनपत्राबरोबर शाळेमार्फत जातो, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. फेब्रुवारीत धावपळ करणाऱ्यांचं माझ्याने पाहवत नाही. ४० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्यांनीही लगेच हार मानू नये. लिहिण्यात खरी अडचण असेल तर केवळ टक्क्यांवरून लेखनिक नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलं आहे.

कागद येईपर्यंत

वाट पाहण्यात मुलाचं वर्ष घालवू नका. घरातल्या साध्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, असतंच, आणि ते मराठी वाचतं. शाळेच्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट बसवता येतो. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. छापील मजकूर वाचता येत नसल्याचा पुरावा दिला की त्याचं सदस्यत्व मिळतं.

आणि शिबिरात फोन मिळालाच, तर तो खोक्यात घेऊन घरी जाऊ नका. तिथल्या तिथे टॉकबॅक सुरू करायला लावा, भाषा मराठी करून घ्या आणि मुलाच्या हाताने एक फोन लावून पाहा. पावती आणि वॉरंटीचं कार्ड त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. चार्जर बिघडला तर तीच लागते.