प्रादेशिक कामगार परिषद (इंदूर)

एखाद्या शहरातील किंवा औद्योगिक पट्ट्यातील निरनिराळ्या कामगार संघटनांनी समान प्रश्नांवर एकत्र विचार करण्यासाठी, तसेच मालक आणि शासन यांच्याशी एकमुखाने बोलण्यासाठी उभारलेल्या मध्यवर्ती मंडळास प्रादेशिक कामगार परिषद म्हणतात. ब्रिटनमध्ये अशा शहरवार परिषदा आधी आणि राष्ट्रीय महासंघ नंतर, असा क्रम दिसतो. लंडनची परिषद १८६० मधील आहे, तर १८६८ चे पहिले राष्ट्रीय अधिवेशन मँचेस्टर-सॅल्फर्ड येथील परिषदेच्या पुढाकाराने भरले. हिंदुस्थानात हा क्रम उलटा झाला. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत स्थापन झाली आणि प्रांतिक समित्यांची बांधणी त्यानंतरची आहे. इंदूरचे उदाहरण या दोन्हींहून वेगळे आहे. येथे शहरव्यापी प्रतिनिधित्वाचे काम दीर्घकाळ कायद्याने मान्यता दिलेल्या एकाच संघाकडे (इंदूर मिल मजदूर संघ) राहिले, आणि अनेक संघटनांचे संयुक्त मंडळ मुख्यतः त्या व्यवस्थेबाहेर, आंदोलनाच्या निमित्ताने आकारास येत गेले.

इंदूरच्या कापड उद्योगाची सुरुवात दुसरे तुकोजीराव होळकर (कार. १८४४–१८८६) यांनी काढलेल्या सरकारी गिरणीपासून होते. तिची उभारणी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील असून प्रत्यक्ष उत्पादन सु. १८७० चे मानले जाते. जुन्या लेखनात दिसणारा काही वर्षांचा फरक बहुधा बांधकाम आणि उत्पादन यांपैकी कोणता क्षण आरंभ धरला, यातून आलेला आहे. त्या वेळी इंदूरला रेल्वे पोहोचलेली नव्हती, त्यामुळे अवजड यंत्रे सडकेने आणावी लागली. मालवा युनायटेड (सु. १९०७), हुकुमचंद (सु. १९१५) आणि १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धातील कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी व भंडारी यांमुळे शहराच्या उत्तर-पूर्व भागात गिरण्यांची सलग वस्ती तयार झाली. परदेशीपुरा (‘परदेशी’ म्हणजे परप्रांतीय) हे नाव तेथील मजूर कोठून आले हे पुरेसे सांगते.

इंदूरमधील पहिली कामगार संघटना कोणती, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. होळकर संस्थानात तो आपोआप लागू होत नव्हता. मुंबई वा अहमदाबादच्या संघटनांसाठी नोंदणीची तारीख हे सोयीचे प्रमाण ठरते, ते येथे निरुपयोगी आहे. संपाच्या वेळी नेमलेले पंच, एखाद्या खात्यातील जॉबरभोवती (मजूर भरणाऱ्या मुकादमाभोवती) जमलेला गट आणि वर्गणी घेऊन चालणारा कायम संघ या तीन अवस्था संस्थानी काळात एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्यांपैकी पहिलीला ‘संघटना’ म्हणायचे की नाही यावर आरंभाचे वर्ष अवलंबून राहते. नियमित वर्गणी आणि कार्यकारिणी असलेली संस्था हीच कसोटी धरणे अधिक सयुक्तिक वाटते. अन्यथा प्रत्येक संपाला एकेक संस्थापक लाभतो.

वैचारिक वारशाबाबत मात्र फारसा मतभेद नाही. इंदूर मिल मजदूर संघ हा १९२० मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या मजूर महाजनाच्या परंपरेतला. मजूर महाजन स्वतःच एक परिषद होती: कातकाम, विणकाम अशा धंदेवार संघांचे प्रतिनिधी मिळून तिचे संयुक्त मंडळ बने, आणि तंटा प्रथम वाटाघाटीने, नंतर लवादाने सोडवावा हा तिचा दंडक होता. १९२२ ते १९४६ या काळात तिचे चिटणीस असलेले गुलझारीलाल नंदा यांचा इंदूरच्या संघावर प्रभाव होता. व्ही. व्ही. द्रविड आणि रामसिंहभाई वर्मा ही त्या संघातील दोन प्रमुख नावे. द्रविड पुढे राज्याचे श्रममंत्री झाले. मे १९४७ मध्ये भारतीय राष्ट्रीय ट्रेड युनियन काँग्रेस (इंटक) स्थापन झाल्यावर हा संघ तिच्याशी जोडला गेला. जेल रोडवरील ‘श्रम शिविर’ हे त्याचे ठिकाण इंदूरकरांना पत्त्याशिवाय माहीत असते.

संघाच्या सामर्थ्याचे खरे मूळ मात्र विचारात कमी आणि कायद्यात अधिक आहे. नंदा मुंबई सरकारचे श्रममंत्री असताना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. होळकर संस्थान ज्यात विलीन झाले त्या मध्य भारत राज्याने १९४९ मध्ये तो फेरफारांसह स्वीकारला, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर १९६० च्या मध्य प्रदेश औद्योगिक संबंध कायद्याने तीच चौकट पुढे चालवली. या चौकटीत मोजमापाचे एकक गिरणी नसून ‘स्थानिक क्षेत्रातील उद्योग’ हे आहे. मुंबई कायद्यानुसार एखाद्या क्षेत्रात त्या उद्योगातील एकूण कामगारांपैकी किमान ठरावीक टक्के सभासद असलेला संघ ‘प्रातिनिधिक संघ’ म्हणून नोंदला जाई, आणि क्षेत्रातील सर्व कामगारांच्या वतीने, मग ते सभासद असोत वा नसोत, बोलण्याचा अग्रहक्क त्यालाच मिळे. कामाचे तास, पाळ्या, कामगारकपात यांसारख्या अनुसूचित बाबींत बदल करायचा तर मालकाने बदलाची नोटीस द्यायची, मग वाटाघाट, समेट आणि शेवटी औद्योगिक न्यायालय. ही वाट पूर्ण होण्याआधी केलेला संप बेकायदेशीर ठरे. मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपात राष्ट्रीय मिल मजदूर संघ या तेथील प्रातिनिधिक संघाच्या मान्यतेवरून जो पेच पडला, त्याची कायदेशीर मांडणी हीच होती. मध्य प्रदेशाचे औद्योगिक न्यायालय आणि श्रमायुक्तांचे मुख्यालय राजधानी भोपाळऐवजी इंदूरला राहिले, यावरून या शहराचे कामगार प्रशासनातील वजन कळते.

या तरतुदींचा रोजच्या व्यवहारातील अर्थ पगाराच्या दिवशी दिसे. मुंबई कायद्याने मान्यताप्राप्त संघाच्या पदाधिकाऱ्यांना पगार वाटला जातो त्या जागीच वर्गणी गोळा करण्याचा आणि गिरणीच्या आवारात सभासदांशी बोलण्याचा हक्क दिला होता. त्यामुळे एका संघाचे पावतीबुक पगाराच्या खिडकीशेजारी उघडे असे, तर प्रतिस्पर्धी संघाला भोंगा होऊन पाळी सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहावे लागे. हातात पैसे नुकतेच पडलेल्या माणसाकडून आत वर्गणी घेणे आणि घरी निघालेल्या माणसाला बाहेर थांबवून घेणे यांत मोठा फरक आहे. द्वारसभा हे विरोधी संघटनांचे प्रमुख साधन का बनले, याचा उलगडा वैचारिक आक्रमकतेपेक्षा या मांडणीतून अधिक चांगला होतो.

बाहेरच्या या बाजूचे सर्वांत परिचित नेते होमी दाजी (१९२६–२००९) होत. मुंबईत जन्मलेले हे पारशी साम्यवादी नेते १९५७ मध्ये विधानसभेवर आणि १९६२ मध्ये अपक्ष म्हणून इंदूरमधून लोकसभेवर निवडून आले. लोकसभेच्या त्या लढतीत त्यांच्यासमोर काँग्रेसतर्फे रामसिंहभाई होते. कायद्याने प्रातिनिधिक ठरलेल्या संघाच्या नेत्याला गिरणी वस्त्यांच्याच शहरात मतपेटीने नाकारले, याचा अर्थ प्रातिनिधिकत्वाचा दावा पोकळ होता, असा लावला जातो. तो काहीसा घाईचा आहे. संघात वर्गणी भरणारा कामगार निवडणुकीत दुसऱ्याला मत देऊ शकतो, आणि इंदूरच्या मतदारसंघात केवळ कामगार नव्हते. भारतीय मजदूर संघाची स्थापना दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळला केली, त्यामुळे तिसरा प्रवाहही राज्यातच उगम पावलेला होता. या सर्वांच्या संयुक्त समित्या बोनस, महागाई भत्ता किंवा गिरणीबंदी अशा प्रश्नांवर वेळोवेळी बनल्या व प्रश्न ओसरल्यावर विरल्या.

१ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीयीकरणाने मालवा, कल्याणमल व स्वदेशी या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. हुकुमचंद व राजकुमार खाजगी राहिल्या. पुढे सगळ्याच बंद पडल्या. हुकुमचंद मिल बंद पडल्याची तारीख सामान्यतः १२ डिसेंबर १९९१ दिली जाते, तर सरकारी निवेदनांत १९९२ हे वर्ष येते; कामगारांच्या दाव्याशी सुसंगत असल्याने पहिली ग्राह्य धरावी.

गिरणी बंद होताच ‘उद्योगातील कामगारांच्या टक्केवारी’ची भाषा संपते. अवसायनात (कंपनी गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) कामगार हा धनको बनतो. १९८५ च्या दुरुस्तीनंतर कंपनी कायद्याने त्याच्या येणे रकमेला तारणधारक बँकांच्या बरोबरीचे स्थान दिले होते. हुकुमचंदच्या ५,८९५ कामगारांचा लढा याच पायावर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात चालला. २००७ मध्ये देणे सु. २२९ कोटी रुपये ठरले, पण सु. ४२ एकर जमीन विकली जाईना आणि तिच्या मालकीचाही वाद होता. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सु. २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. गिरणी बंद झाल्यानंतर ३२ वर्षे उलटली होती, आणि अनेक ठिकाणी रक्कम वारसांच्या हाती गेली.

गृहनिर्माण व विमा या क्षेत्रांत संघाच्या कामाची खूण नंदानगर या वस्तीच्या नावात आणि तेथील विमा रुग्णालयात राहिली आहे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (फिरते देखावे) राजवाड्यावरून नेण्याची, १९२० च्या दशकापासून चालत आलेली प्रथा गिरण्या बंद झाल्यावरही कामगारांच्या गणेशोत्सव समित्यांनी टिकवली आहे. पीथमपूरच्या नव्या औद्योगिक क्षेत्रात संघटनांची बांधणी कारखानानिहाय असून शहरव्यापी प्रतिनिधित्वाची जुनी कल्पना तेथे रुजलेली नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के पाठिंबा कोणालाच नसल्यास, किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची ‘वाटाघाट परिषद’ बनवण्याची तरतूद आहे. तिचे एकक स्थानिक क्षेत्र नसून आस्थापना हे आहे.