सहाय्यित रोजगार

तीव्र मानसिक आजार (छिन्नमनस्कता, द्विध्रुवी विकार इ.) असलेल्या प्रौढांना खुल्या बाजारातील, रूढ वेतनाची नोकरी मिळवून देण्याची आणि ती टिकावी म्हणून पुढेही साथ देण्याची पुनर्वसन पद्धती. संरक्षित कार्यशाळेतील (फक्त अपंग वा आजारी व्यक्तींसाठी चालवलेल्या कामाच्या जागेतील) काम यात मोडत नाही.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही लेखक तिचे मूळ इंग्लंडमधील यॉर्क रिट्रीट या मनोरुग्णालयापर्यंत (1796) नेतात. तेथे काम हा उपचाराचाच भाग होता; मात्र ते संस्थेच्या आवारातले असल्याने हा धागा ओढूनताणून जोडलेला वाटतो. न्यूयॉर्कच्या फाउंटन हाउस या मनोरुग्णांच्या संस्थेचा (1948) दावा अधिक सबळ आहे. तिचे सदस्य बाहेरच्या आस्थापनांत पगारी काम करीत. पण जागा संस्थेच्या ताब्यात राही आणि काही महिन्यांनी तिच्यावर दुसरा सदस्य येई. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात साधारणतः 1970–80 च्या दशकांत रुजलेले ‘आधी नेमणूक, मग प्रशिक्षण’ हे सूत्र आजच्या पद्धतीला सर्वांत जवळचे दिसते. अमेरिकेच्या 1986 च्या कायदादुरुस्तीने सहाय्यित रोजगाराची व्याख्या केली, पण मनोरुग्णांसाठीची तात्पुरती नेमणूकही तिच्यातच घातली. या संज्ञेच्या अर्थाविषयीचा पुढचा घोळ बराचसा तिथला आहे. 1990 च्या सुमारास न्यू हॅम्पशरमध्ये डेबोरा बेकर व रॉबर्ट ड्रेक यांनी ‘वैयक्तिक नेमणूक व आधार’ हा प्रकार सिद्ध केला. हल्ली सहाय्यित रोजगार म्हणजे बहुधा हाच.

यात काम करण्याची इच्छा एवढीच पात्रता मानतात. लक्षणे पूर्ण ओसरण्याची वाट पाहत नाहीत. रोजगार-तज्ज्ञ (त्याच्याकडे एका वेळी फार तर 20 जण) उपचार चमूतच बसतो. सकाळच्या गोळीने रुग्णाला कामाच्या पाळीत झोप येते हे या तज्ज्ञाने सांगितले, की डॉक्टर मात्रेची वेळ बदलण्याचा विचार करतात. मालकाकडे रोजगार-तज्ज्ञ पहिल्या भेटीत फक्त वेळ मागतो, दुसऱ्या भेटीत कामाची माहिती घेतो आणि उमेदवाराचे नाव तिसऱ्या भेटीत काढतो.

लंडन, झुरिक, सोफिया आदी सहा युरोपीय केंद्रांतील चाचणीत (निष्कर्ष 2007, 312 रुग्ण) या पद्धतीने सुमारे 55 टक्क्यांना, तर नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणाने 28 टक्क्यांना काम मिळाले. मात्र एक दिवस केलेले कामही त्यात मोजले होते. नोकरी वर्षानुवर्षे टिकण्याबाबतचा पुरावा इतका ठाम नाही.

आजार मालकाला सांगायचा की नाही, हे उमेदवार ठरवतो. त्याने नको म्हटल्यास तज्ज्ञ कामाच्या ठिकाणी जात नाही. अर्ज लिहिणे, मुलाखतीचा सराव आणि पुढची विचारपूस बाहेरूनच चालते.