जुनी लष्करी रायफल: ओळख, दाब आणि सुरक्षितता

खानदेशात काही जुन्या घराण्यांत दसऱ्याच्या शस्त्रपूजेला तलवार-कट्यारींबरोबर लांब नळीची एखादी बंदूकही पाटावर ठेवली जाते, आणि ती पणजोबांना कोणी दिली, कोणत्या मोहिमेतून घरी आली, याची हकिकत वडीलधारी मंडळी सांगतात. ही हकिकत अवश्य जपावी, परंतु हत्याराची ओळख तिच्यावरून ठरवू नये. 1825 मध्ये जेम्स आउट्रम या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, 1858 च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला इंग्रजी फौज आणि भिल्ल यांच्यात मोठी लढाई झाली. असा इतिहास असलेल्या मुलखात तोड्याच्या बंदुकीपासून काडतुसाच्या रायफलीपर्यंत काहीही वारशात येऊ शकते. अशा हत्यारातून गोळी झाडता येईल का, हा प्रश्न मुळात दाबाचा आहे. दारू पेटताच नळीच्या तळाशी क्षणार्धात जो प्रचंड वायुदाब निर्माण होतो, तेवढा दाब पेलण्यासाठी हा धातू घडवला होता का आणि आजही तो तेवढा पेलेल का, याचे उत्तर मिळवण्यासाठीच ओळख पटवायची असते.

ओळख पटवण्याआधी बंदूक भरलेली आहे असेच धरून चालावे. ठासणीच्या बंदुकीबाबत ही खबरदारी फार महत्त्वाची आहे, कारण भरून ठेवलेला आणि नंतर विसरला गेलेला बार अशा नळ्यांत पुष्कळदा सापडतो. काळी दारू म्हणजे सुमारे 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक यांचे साधे मिश्रण असते. ती कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटू शकते. बार आहे की नाही हे पाहण्यासाठी नळीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून आणि चेहरा व हात त्यासमोर येऊ न देता लाकडी काठी आत अलगद तळापर्यंत सोडावी आणि तोंडाशी तिच्यावर खूण करावी. मग काठी बाहेर काढून, खूण नळीच्या तोंडाशी जुळवून, नळीला बाहेरून समांतर धरावी. काठीचे टोक रंजकाच्या छिद्रापाशी पोहोचत नसेल, तर आत काहीतरी अडकलेले आहे. ते स्वतः काढू नये, तापवू तर मुळीच नये.

यानंतर खुणा वाचाव्यात. 1853 च्या नमुन्याच्या एनफिल्ड या ठासणीच्या ब्रिटिश लष्करी रायफलीवर चापाच्या यंत्रणेच्या पट्टीवर मुकुट, वर्ष आणि कारखान्याचे नाव कोरलेले असते. 1871 मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री या काडतुसाच्या एकबारी रायफलीवर अशाच खुणा बॉडीच्या, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या धातूच्या सांगाड्याच्या, उजव्या बाजूला, तर नंतरच्या ली-एनफिल्ड रायफलीवर दस्त्याच्या गळ्याभोवतीच्या लोखंडी पट्ट्यावर उजवीकडे सापडतात. मुकुटाखालची व्ही. आर. ही अक्षरे राणी व्हिक्टोरियाची आहेत आणि तिचा मृत्यू 1901 मध्ये झाला. तेव्हा व्ही. आर. आणि 1908 एकाच जागी दिसले, तर ते हत्यार आज पाकिस्तानात असलेल्या वायव्य सरहद्द प्रांतातील कारागिरांनी हाताने केलेली नक्कल असण्याची दाट शक्यता आहे. तिच्या पोलादाविषयी काहीही गृहीत धरता येत नाही, म्हणून ती कधीही झाडू नये.

बाहेरच्या खुणा खऱ्या असल्या तरी नळीच्या आत काय आहे हे त्या सांगत नाहीत. 1857 च्या उठावानंतर देशी पलटणींच्या हाती अचूक रायफल राहू नये म्हणून त्यांना 0.577 इंचांच्या आटेदार नळीऐवजी 0.656 इंचांची गुळगुळीत नळी असलेल्या बंदुका दिल्या गेल्या. बाहेरून त्या एनफिल्डच दिसतात. पुढे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी .303 च्या (हा आकडा इंचांतला) रायफली पालटून .410 च्या गुळगुळीत नळीच्या, एकबारी मस्केट तयार केल्या गेल्या, आणि त्यांच्या मूळ चेंबरशी, म्हणजे काडतूस बसण्याच्या पोकळीशी, बाजारातले .410 चे छर्ऱ्याचे काडतूस जुळत नाही. म्हणून नळीचा व्यास आणि चेंबरचा आकार जाणकाराकडून मोजून घेतल्याशिवाय काडतुसाचे नाव ठरवू नये. काही ली-एनफिल्डवर डी. पी. अशी अक्षरे ठोकलेली असतात. ती कवायतीपुरतीच ठेवलेली हत्यारे आहेत. ई. वाय. म्हणजे केवळ आणीबाणीत वापरायचे, आणि पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर त्या रायफलीतून ग्रेनेड फेकण्याचे काम घेतले गेले असण्याचा संभव आहे. त्या कामाचा ताण फार मोठा असतो.

इतका काटेकोरपणा कशासाठी, हे दारूच्या रसायनात कळते. बंद जागेत दाब वाढला तरी काळ्या दारूचा जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. बिनधुराच्या दारूत मात्र दाब वाढला की ज्वलन वेगावते आणि त्यामुळे दाब आणखी चढतो. काळ्या दारूच्या जुन्या नळीत तेवढ्याच आकारमानाची बिनधुराची दारू भरणे म्हणजे नळी फोडण्याचीच तयारी करणे होय. उलट .303 चे काडतूस कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूवर चालले आणि त्यासाठी आज मान्य असलेला कमाल दाब सुमारे 49,000 पौंड प्रति चौरस इंच आहे. पहिल्या कॉर्डाइटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन आणि 37 टक्के गनकॉटन (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस) होते. ही संयुगे वर्षानुवर्षे आपोआप विघटित होत राहतात, त्यातून निघणारे आम्ल विघटनाला आणखी गती देते, आणि उष्णता ही प्रक्रिया फार झपाट्याने वाढवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांजवळ जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर कित्येक उन्हाळे काढलेल्या काडतुसांवर विश्वास ठेवता येत नाही. ती उघडू नयेत, जाळू नयेत आणि विहिरीत टाकू नयेत, पोलीस ठाण्याला कळवावे.

कायद्याचे उत्तरही हत्याराच्या ओळखीवरच अवलंबून आहे. परवाना वारशाने आपोआप मिळत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. .303 हा भारतात नागरिकांसाठी निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात पुरातन नमुन्याच्या हत्यारांना सूट आहे खरी, पण ती दुरुस्ती करूनही न चालणाऱ्या हत्यारांपुरतीच आहे. केवळ एक स्क्रू हरवलेली मार्टिनी तिच्यात बसत नाही. लग्नात किंवा मिरवणुकीत निष्काळजीपणे हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र गुन्हा आहे.

परवाना असेल आणि जाणकार आर्मोररने, म्हणजे हत्यारांच्या कारागिराने, हत्यार तपासले असेल, तरच गोळीबाराचा विचार करावा, तोही परवानाधारक रेंजवर. आर्मोरर प्रथम नळीतील फुगवटा, खोल गंज आणि भेगा पाहतो, बोल्टवरचा (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) क्रमांक बॉडीच्या क्रमांकाशी जुळतो का हे तपासतो, मग हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड जिथे टेकते तो नळीचा भाग यांतली जागा, मोजतो. ली-एनफिल्डसाठी लष्कराने ही मर्यादा 0.064 ते 0.074 इंच ठरवली होती, म्हणजे मोकळीक जेमतेम पाव मिलिमीटरची. जागा याहून जास्त असेल, तर पितळी काडतूस ताणले जाऊन तळाशी तुटते आणि तप्त वायू मागे, झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. पहिले बार रायफल जड आधाराला बांधून, लांब दोरीने चाप ओढून, सर्वांनी भिंतीआड उभे राहून काढावेत. रिकामे पितळ नीट पाहावे. तळाजवळ चकाकणारे कडे उमटले असेल, तर तेथेच थांबावे.

जुन्या काडतुसांच्या, दारू पेटवणाऱ्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटल्यावर पोटॅशियम क्लोराइड हे मीठ नळीत उरते, आणि हवेतील आर्द्रता सुमारे 84 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी शोषून पोलादाला गंज चढवते. खानदेशातल्या श्रावणात एवढी आर्द्रता सहज असते. तेल हे मीठ विरघळवत नाही. म्हणून गोळीबाराच्या दिवशीच नळीत गरम पाणी ओतून ती धुवावी, कापडाने पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेलाचा हात द्यावा.