छिंगमिंग: विझलेल्या चुलीपासून कबरीपर्यंत

चिनी सण बहुतेक चांद्र तिथीवर येतात. छिंगमिंग, म्हणजे पूर्वजांच्या कबरींवर जाण्याचा सण, मात्र आपल्या संक्रांतीसारखा सूर्यावर ठरतो आणि 4 ते 6 एप्रिलच्या दरम्यान पडतो. नावाचा अर्थ ‘निर्मळ, उजळ’. मुळात हा सणच नव्हता. शेतीच्या सोयीसाठी वर्षाचे चोवीस भाग पाडले होते, त्यांतला हा एक. पूर्वज त्यात आले ते शेजारच्या, आता जवळजवळ विस्मरणात गेलेल्या हान्शी नावाच्या सणामुळे.

हान्शी म्हणजे ‘थंड जेवण’. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसापासून 105 दिवस मोजायचे आणि चूल विझवायची. यामागची कथा जिए झीथुईची. जिन राज्याचा राजपुत्र छोंगअर 19 वर्षं परागंदा होता. उपासमारीत या सेवकाने स्वतःच्या मांडीचं मांस शिजवून त्याला खाऊ घातलं. इ.स.पू. 636 मध्ये छोंगअर गादीवर बसला, इतरांना इनामं मिळाली, जिए आईला घेऊन डोंगरात निघून गेला. त्याला बाहेर काढायला राजाने जंगल पेटवलं. सापडले ते मायलेकांचे जळलेले देह. म्हणून त्या दिवशी विस्तव नाही. कथा करुण आहे, पण सर्वांत जुन्या इतिवृत्तात आगीचा उल्लेखच नाही. तिथे जिए नुसताच अज्ञातवासात मरतो. आग मागाहून लागली असावी.

प्रथा मात्र खरी होती, आणि जीवघेणी. सण वसंतात सरकण्याआधी आजच्या शान्शी प्रांतात लोक ऐन थंडीत महिनाभर गार अन्न खात आणि म्हातारी माणसं, लहान मुलं दगावत. दुसऱ्या शतकात एका प्रांताधिकाऱ्याने जिएच्या देवळात पत्रच ठेवलं की, हे तुमच्यासारख्या सज्जनाला रुचणार नाही. पुढे 206 च्या सुमारास सेनापती त्साव त्सावने शिक्षा ठरवली: कुटुंबप्रमुखाला सहा महिने सक्तमजुरी, स्थानिक अधिकाऱ्याचा महिन्याचा पगार कापायचा. तरी लोक ऐकले नाहीत.

कबरींवर जाण्याची चाल या हान्शीलाच चिकटली. 732 मध्ये थांग घराण्याचा सम्राट श्वानझोंगने फर्मान काढलं. त्यातली कबुली मला मोठी मजेदार वाटते: शास्त्रग्रंथांत याला आधार नाही, पण अलीकडे रूढ झालंय, तेव्हा असू द्या. ज्यांच्या घराण्याचं देवघर नाही त्यांनी पूर्वजांना नमस्कार करायचा कुठे? अट एवढीच की गाणंबजावणं नको, आणि उरलेला नैवेद्य दुसरीकडे जाऊन खायचा. हान्शी आणि छिंगमिंग अगदी लागून येत, सुट्टीही जोडून मिळू लागली. पुढच्या काही शतकांत हान्शी छिंगमिंगमध्ये विरून गेला.

विधी साधा आहे. कबरीवरचं गवत उपटायचं, दगडावरची पुसट झालेली अक्षरं रंगाने पुन्हा गिरवायची, फळं आणि दारूचे पेले मांडायचे, पूर्वजांसाठीच्या खोट्या कागदी नोटा जाळायच्या. म्हणजे ज्या दिवसांत विस्तव वर्ज्य होता, त्याच दिवसांत आता प्रत्येक कबरीपुढे जाळ असतो. हान्शीची खूण उरली ती यांगत्सी नदीच्या दक्षिणेकडे मिळणाऱ्या छिंगथुआनमध्ये. चिकट तांदळाच्या पिठात दवण्याच्या जातीतल्या पाल्याचा हिरवा रस कालवतात, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरतात. उकडतात, पण खातात गार.

कम्युनिस्ट राजवटीत, विशेषतः सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत, कागद जाळणं ही अंधश्रद्धा ठरली. हुतात्म्यांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहणं चालत होतं. तीच वाट लोकांनी 1976 मध्ये धरली. जानेवारीत पंतप्रधान चौ एन-लाय वारले होते. छिंगमिंगला, 4 एप्रिलला, बीजिंगच्या तिआनानमेन चौकात त्यांच्यासाठी पुष्पचक्रांचा आणि कवितांचा ढीग लागला. रात्रीत तो उचलला गेला, दुसऱ्या दिवशी लोक भडकले, चौक बळाने रिकामा केला गेला. खापर उपपंतप्रधान डेंग शियाओपिंग यांच्यावर फुटलं आणि त्यांची पदं गेली. घटनेला ‘प्रतिक्रांतिकारी’ म्हटलं गेलं आणि 1978 च्या अखेरीस तो शिक्का पुसला गेला. आदल्या वर्षी, 5 एप्रिल 1975 ला, तैवानचे अध्यक्ष च्यांग कै-शेक छिंगमिंगच्याच दिवशी वारले होते.

चीनमध्ये या सणाला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट 2008 पासून. आता एप्रिल आला की अनेक ठिकाणी प्रशासन वणव्याच्या भीतीने डोंगरांवर कागद जाळायला मनाई करतं. कबरींवर फुलं वाहा म्हणतं, विस्तव नको.