पितळी पुंगळीचं तोंड का कातावं लागतं?

वरळीच्या रायफल रेंजवर सरावाला येणाऱ्या नव्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. परदेशातले नेमबाज झाडलेल्या काडतुसाची पुंगळी जपून ठेवतात आणि पुन्हा भरतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण भरण्याआधी तिच्या तोंडाचं केसभर पितळ कातून का टाकायचं?

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. १८५७ च्या एनफिल्ड रायफलीचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी होती. तिच्या चरबीवरून काय पेटलं ते आपण शाळेत शिकलोच. कागद एकदा फाटला की संपला, पुन्हा वापरण्याजोगं काही उरतच नसे.

१८६६ मध्ये इंग्लंडमधल्या वूलिचच्या एडवर्ड बॉक्सर यांनी पितळी पत्रा गुंडाळून केलेलं काडतूस पुढे आणलं. तीनच वर्षांत मुंबई इलाख्यात, खडकीला, दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेत हायरम बर्डन यांची टोपीची, म्हणजे ठोका बसताच पेटून दारू पेटवणाऱ्या बुडातल्या छोट्या वाटीची, रचना त्याच सुमाराची. बर्डनच्या पद्धतीत ऐरण, म्हणजे टोपीतला मसाला जिच्यावर चेचला जातो तो उंचवटा, पुंगळीतच असते आणि शेजारी दोन बारीक भोकं. बॉक्सरच्या पद्धतीत ऐरण टोपीत असते, पुंगळीला मधोमध एकच भोक. त्यातून सळई घातली की जळकी टोपी खाली पडते. पुंगळ्या भरण्याचा छंद फोफावला तो या एका भोकामुळे, असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या छंदिष्टांनी आपल्या माणसाची नव्हे, त्या इंग्रजाची रचना उचलली, हे विशेष.

गुंडाळलेला पत्रा मात्र दगा देई. १८८५ च्या सुदान मोहिमेत तापलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींमध्ये पुंगळ्या अडकून बसल्या. त्यानंतर एकसंध ओढलेल्या पितळाची पुंगळी आली. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त हे तिचं आजही प्रमाण मानलं जाणारं मिश्रण.

हे पितळ ठोकत गेलं की कडक होतं, ताव दिला की नरम पडतं. मुंबईच्या तांबाकाट्यावरच्या कुठल्याही तांबटाला हे ठाऊक असतं. ब्रिटिश लष्कराला त्याची किंमत आपल्याच देशात कळली. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, तेव्हा काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवली जात. उघडीप झाल्यावर पाहावं तर कितीतरी पुंगळ्यांना तडे! घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढताना पितळात कोंडलेला ताण, या दोहोंचा तो परिणाम होता. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये तो उलगडून दाखवला. उपाय तांबटाचाच निघाला, बेताचा ताव देणं.

कातण्याची गरज वाढवली ती बिनधुराच्या दारूने. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी ती तयार केली आणि नळीतला दाब खूप चढला. पुंगळ्याही बाटलीसारख्या, अरुंद मानेच्या झाल्या. बार उडाला की पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीच्या, भिंतीला टेकतं. पुन्हा भरण्यासाठी ते साच्यात दाबलं की पुढे, मानेकडे सरकतं. पुंगळी लांबते. लांबलेलं तोंड चेंबरच्या टोकाला भिडलं की गोळीला चिमटा बसतो, ती वेळेवर सुटत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो. पॉइंट ३०८ या रायफलीच्या काडतुसाची पुंगळी जास्तीत जास्त ५१.१८ मिलिमीटर चालते, कातून ती ५०.९३ वर आणतात. म्हणजे प्रश्न पाव मिलिमीटरचा आहे. कातल्यावर तोंडाची आतली-बाहेरची बर, म्हणजे कातताना उरलेली धारदार कड, काढायची, नाहीतर गोळी ओरखडली जाते.

हे जास्तीचं पितळ बुडाजवळच्या भिंतीतून येतं, हे फार थोडे लक्षात घेतात. दर खेपेला ती भिंत पातळ होते. तिथे चकाकती कडी दिसू लागली की ती पुंगळी फेकूनच द्यावी, कारण पुढच्या बाराला ती दुभंगू शकते.

आपल्या मुलांच्या हाती बहुतेक पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची, रायफल असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने कांस्य जिंकलं ते याच काडतुसावर. त्यात टोपी वेगळी नसते, पेट घेणारा मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो. काठ एकदा चेपला की ती पुंगळी पुन्हा भरताच येत नाही. आणि मोठ्या काडतुसांचं म्हणाल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आपल्याकडे काडतुसं बनवायला परवाना लागतो. तो नसताना घरच्या टेबलावर हा उद्योग कुणीही मांडू नये.